पाच का पंधरा?

पालघर स्टेशनबाहेर किंवा बोईसरच्या बाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात जा आणि "एक प्लग द्या" म्हणा. काउंटरमागचा मुलगा मान वर न करता विचारतो, "पाच का पंधरा?" आपण "पाच" म्हणतो, तो डब्यातून एक प्लग काढून समोर ठेवतो, आपण पैसे देतो. आता घरी येऊन चष्मा लावून तो प्लग नीट बघा. त्यावर पाच कुठेच लिहिलेले नसते. लिहिलेले असते ६. मोठ्या प्लगवरही पंधरा नसते, १६ असते. आपल्या भारतीय मानकात हे आकडे १९८८ साली बदलले. म्हणजे दुकानातल्या त्या विशी-बाविशीच्या मुलाच्या जन्माआधीच पाच आणि पंधरा कागदावरून गेले होते, पण त्याच्या तोंडातून काही गेले नाहीत. आणे १९५७ साली गेले तरी आपण अजून "सोळा आणे खरं" म्हणतोच ना, तसेच हे.

मी काही वायरमन नव्हे. आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड लागते. कुठलाही आकडा दिसला की तो कुठून आला हे शोधत बसायचे. निवृत्तीनंतर वेळही भरपूर. तेव्हा या पाच-पंधराच्या मागे लागलो. ओळखीच्या एक-दोन वायरमन मंडळींना प्रश्न विचारून भंडावले, नियमांची पुस्तके चाळली, आणि जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो आहे. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्या-माझ्या भिंतीतलाच आहे.

आधी थोडे गणित. घाबरू नका, सातवीतल्या मुलाला जमेल इतकेच आहे. आपल्या घरात वीज येते ती सुमारे २३० व्होल्टची. उपकरणाचे वॅट भागिले २३० केले की किती अँपिअर प्रवाह लागतो ते कळते. साठ वॅटचा बल्ब म्हणजे पाव अँपिअर. हजार वॅटची इस्त्री म्हणजे सव्वाचारच्या थोडे वर. दोन हजार वॅटचा गिझर म्हणजे पावणेनऊ. आता दुसरी गोष्ट. प्रवाह वायरमधून जाताना वायर तापते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तापते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. ही वर्गाची भानगड लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आणि म्हणूनच सॉकेटवर आकडा असतो. तो आकडा म्हणजे एक वचन आहे. सॉकेट आपल्याला सांगते की माझ्यातून एवढा प्रवाह घ्या, काही होणार नाही. पण सॉकेट हे वचन एकट्याच्या जिवावर देऊ शकत नाही. त्याच्या मागे भिंतीत वायर आहे, वायरच्या मागे फ्यूज आहे, फ्यूजच्या मागे मीटर आहे. सगळ्यांनी मिळून पाळायचे ते वचन. तोंड सॉकेटचे, जबाबदारी वायरची.

आता इतिहास बघू. घरात वीज आली ती दिव्यासाठी. सॉकेट नावाची वस्तूच सुरुवातीला नव्हती. इस्त्री किंवा पंखा चालवायचा तर बल्ब काढायचा आणि होल्डरमध्येच वायर जोडायची. अमेरिकेत हार्वे हबेल नावाच्या कारखानदाराने १९०४ साली बल्बच्या होल्डरात फिरवून बसवायचा आणि पुढचा भाग ओढून सोडवता येणारा प्लग काढला, तेव्हा लोकांना मोठी सोय वाटली. आपल्याकडेही होल्डरात बसणारा तो काळा बॅकेलाइटचा तुकडा कित्येकांनी पाहिला असेल. त्याला वायर जोडून रेडिओ लावायचा, लग्नात माळा लावायच्या, आणि धाडसी माणसे इस्त्रीही लावायची. दिव्यासाठी टाकलेल्या वायरवर दुसरे ओझे टाकण्याची सवय ही अशी सॉकेटपेक्षाही जुनी आहे.

मग इंग्लंडमध्ये १९३४ साली बी.एस. ५४६ नावाचे मानक आले. गोल पिनांचे, तीन भोकांचे, आणि वेगवेगळ्या मापांचे प्लग त्यात ठरवले गेले. दोन अँपिअर, पाच, पंधरा आणि तीस. इंग्रजांची सत्ता असल्यामुळे तेच आपल्याकडे आले, आणि त्यातले पाच आणि पंधरा आपल्या घरात कायमचे राहिले. या मानकाची एक गोष्ट मला फार आवडते. पाचच्या प्लगमध्ये खालच्या दोन पिनांमधले अंतर पाऊण इंच आहे, पंधराच्या प्लगमध्ये पूर्ण एक इंच. पिनांची जाडीही वेगळी, पाचची सुमारे पाच मिलिमीटर आणि पंधराची सात. त्यामुळे गिझरचा प्लग पंख्याच्या सॉकेटात जातच नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही हाताला कळते की हे इथे बसत नाही, याचा अर्थ हे इथले नव्हे. नियम पुस्तकात न ठेवता भोकांच्या मापात ठेवला! तिसरी वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती अर्थिंगची. लांब एवढ्यासाठी की प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी.

त्या काळी देशातल्या अनेक शहरांत विजेचे दरही दोन असत. दिवे-पंख्यांचा एक दर आणि शेगडी-गिझरसारख्या गोष्टींचा दुसरा. काही घरांत त्यासाठी दोन मीटर आणि दोन वेगळ्या वायरी असत. आपण अजूनही "लाईट पॉइंट" आणि "पॉवर पॉइंट" म्हणतो, त्या शब्दांचे मूळ या विभागणीत आहे.

इंग्लंडने मात्र पुढे ही पद्धत सोडली. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, युद्धानंतर नव्याने बांधायच्या घरांसाठी तिथे एक समिती नेमली होती. कॅरोलाइन हॅसलेट या विद्युत अभियंता बाई तिच्या सदस्य होत्या. त्यातून १९४७ साली तेरा अँपिअरचा चौकोनी पिनांचा प्लग आला, आणि त्याच्या पोटात फ्यूज बसवलेला. घरभर एकच मापाचे सॉकेट, पण प्रत्येक प्लगमध्ये त्या त्या उपकरणाच्या बेताचा फ्यूज. टेबल लॅम्पच्या प्लगमध्ये तीनचा, किटलीच्या प्लगमध्ये तेराचा. १९४७ साल आपल्याही लक्षात राहण्यासारखे आहे. इंग्रज इथून गेले, त्यांचा जुना प्लग इथेच राहिला आणि नवा प्लग त्यांनी आपल्या घरी वापरला.

आपण जुनाच ठेवला यात काही वाईट नव्हते. स्वतंत्र भारताने त्याभोवती आपले नियम बांधले. भारतीय मानक संस्था १९४७ सालीच स्थापन झाली होती. तिचे आय.एस. ७३२ हे घरगुती वायरिंगचे नियम सांगते आणि आय.एस. १२९३ हे प्लग-सॉकेटचे. १९८८ साली पाचचे सहा आणि पंधराचे सोळा झाले ते आंतरराष्ट्रीय आकड्यांशी मेळ घालण्यासाठी. पिनांची ठेवण तीच राहिली, म्हणून जुना प्लग नव्या सॉकेटात बसतो आणि दुकानदाराचे पाच-पंधरा खपून जाते.

या वायरिंगच्या नियमांत दोन वाक्ये आहेत, ती मी मुद्दाम सांगतो. पहिले असे की दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दिवे, पंखे आणि लहान सॉकेटे मिळून दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि एकूण भार ८०० वॅटच्या वर जाऊ नये. दुसरे असे की पॉवरच्या एका सर्किटवर साधारणपणे दोनच सॉकेटे असावीत आणि भार ३००० वॅटच्या आत असावा. वायरही वेगळी. दिव्यासाठी निदान एक चौरस मिलिमीटर तांब्याची, पॉवरसाठी निदान अडीचची. जुने वायरमन वायरी ३/२२, ७/२० अशा नावांनी ओळखतात. पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा तारेचा गेज. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक.

आता त्याच नियमांतली खरी ऐतिहासिक ओळ ऐका. एखाद्या घराचा भार किती धरायचा हे प्रत्यक्ष उपकरणे माहीत नसताना कसे ठरवावे, तर दिव्याला साठ वॅट, पंख्याला साठ वॅट, लहान सॉकेटला शंभर वॅट आणि मोठ्या सॉकेटला हजार वॅट धरावेत. शंभर वॅट! सहा अँपिअरच्या सॉकेटातून खरे तर १३८० वॅट घेता येतात. पण नियम लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले की माणूस तिथे फार तर रेडिओ लावील, टेबल फॅन लावील. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे मध्यमवर्गीय मराठी घर त्या एका आकड्यात जसेच्या तसे बसले आहे. कोपऱ्यातल्या टेबलावर क्रोशाच्या रुमालाने झाकलेला रेडिओ, आणि त्याच्यासाठी भिंतीवर लाकडी बोर्ड. दहा पॉइंट आणि ८०० वॅट हे गणित त्या घराला अगदी पुरेसे होते. आज त्याच बोर्डावर नुसती हजार वॅटची इस्त्री लावली तरी ८०० ची मर्यादा एकटीनेच ओलांडली जाते.

आता आपल्या गावाकडे येऊ. कारण ही सगळी गोष्ट मला आपल्या भागात जितकी ठळक दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. देशातले पहिले. सुरुवातीला दोन अणुभट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आम्हा मुलांची छाती फुगली होती. २१० मेगावॅट म्हणजे किती, तर साठ वॅटचे पस्तीस लाख बल्ब, हा हिशेब पुढे मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा केला. ती वीज उंच मनोऱ्यांवरून महाराष्ट्राला आणि गुजरातला गेली. पुढे १९९५ च्या सुमारास डहाणूचे औष्णिक केंद्र आले. २००५ आणि २००६ साली तारापूरला ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला.

पण मनोऱ्यावरून जाणारी वीज वेगळी आणि झापाच्या घरात येणारी वेगळी. आदिवासी पाड्यांवरच्या माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी दहावीचा अभ्यास चिमणीवर केला. मग १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारची कुटीर ज्योती योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक जोडणी, एक पॉइंट, एक बल्ब. नाव किती सुंदर! आणि खरेच, एका बल्बने घर बदलते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पुढे २०१७ साली सौभाग्य योजना आली. तिच्यातही एक दिव्याचा पॉइंट, एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगसाठी जागा. या योजनांना मी नावे ठेवत नाही. अंधारातल्या माणसाला आधी दिवाच द्यायला हवा.

मात्र घर बल्बवर थांबत नाही. मुलगा बोईसरला कारखान्यात कामाला लागतो, दिवाळीला टीव्ही येतो, सून मिक्सर आणते, मग जुना फ्रिज येतो. हे सगळे यावेच. पण ते ज्या वायरवर येते ती एका बल्बसाठी टाकलेली असते. होल्डरमधून एक वायर काढायची, तिच्यावर बोर्ड ठोकायचा, बोर्डातून दुसरी वायर पडवीत न्यायची. घराची प्रगती भिंतीवर उघडी लोंबकळताना दिसते. दरवेळी नवे सॉकेट विकत आणले जाते, कारण सॉकेट स्वस्त असते आणि दिसते. वायर महाग असते आणि दिसत नाही.

बोईसरच्या चाळींची गोष्ट थोडी निराळी, पण शेवट तोच. तारापूर एम.आय.डी.सी.च्या कामगारांसाठी आजूबाजूच्या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा बाय दहाची खोली, एक बोर्ड. काही वर्षांपूर्वी अशाच एका खोलीतल्या ओळखीच्या कुटुंबाने मला बोलावले. बोर्ड तपकिरी झाला होता आणि खोलीत जळकट वास होता. नशिबाने कोणाला काही झाले नाही. वायरमनने बोर्ड उघडून दाखवला. समोर चकचकीत सोळा अँपिअरचे सॉकेट, आणि मागे तीच एक चौरस मिलिमीटरची दिव्याची वायर. बोर्डावर काय काय होते ते मी त्याच्याकडून लिहून घेतले. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी, पावणेनऊ अँपिअर. इस्त्री, सव्वाचार. फ्रिजचा साधारण एक धरा. सगळे एकदम चालले की चौदा. सॉकेट सोळाचे, त्याला चौदा चालतात, त्याने तक्रार केली नाही. मेनमध्ये आधी दहाचा एम.सी.बी. होता, तो सारखा पडायचा म्हणून कोणीतरी वीसचा बसवला होता. त्यालाही चौदा चालतात, तोही गप्प. वायरीला मात्र पाइपातून जाताना अकरा-बारा अँपिअर हीच मर्यादा, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली त्याहूनही कमी. तापली ती वायर.

हे उदाहरण मी पुन्हा पुन्हा मनात घोळवतो. त्यात सॉकेट खोटे नव्हते, एम.सी.बी. खोटा नव्हता, शेगडीही चांगल्या कंपनीची होती. सगळ्यांवर आय.एस.आय.चा शिक्का. खोटे होते ते त्यांचे एकमेकांशी असलेले नाते. सोळाचे वचन देणारे तोंड आणि अकराची ताकद असलेले अंग. आणि फ्यूज नावाच्या प्रामाणिक नोकराने "झेपत नाही" असे सांगितले, तेव्हा त्याला काढून मुका नोकर ठेवला.

फ्यूजचे हे जुने दुखणे आहे. चिनी मातीच्या किटकॅटमध्ये पाच अँपिअरसाठी केसासारखी ०.२ मिलिमीटरची तार घालायची असते आणि पंधरासाठी ०.५ ची. तार सारखी उडते म्हणून तिच्या जागी वायरमधले दोन-चार पदर पिळून घालणारे महाभाग प्रत्येक गल्लीत होते. आळीत त्यांना हुशार समजत. एम.सी.बी. आल्यावर तार घालायचा प्रश्न मिटला, पण तीच हुशारी आता मोठ्या आकड्याचा एम.सी.बी. आणण्यात दिसते. एम.सी.बी. हा उपकरणासाठी नसतो, तो वायरच्या रक्षणासाठी असतो, हे सांगितले तर लोक आश्चर्याने बघतात.

भोकांच्या मापात ठेवलेला तो सुंदर नियमही आपण हळूहळू घालवला. आधी लहान-मोठ्या पिनांना जोडणारे अडॅप्टर आले. मग सहा आणि सोळा दोन्ही प्लग बसतील असे एकत्र सॉकेट आले. पॉवरच्या जाड वायरवर ते बसवले तर उत्तम सोय आहे, वादच नाही. पण दिव्याच्या बोर्डावरचे जुने पाचचे सॉकेट खराब झाले की तिथेही तेच बसवले जाते, कारण "सगळं चालतं". पूर्वी हाताला जे कळायचे ते आता कळत नाही. गिझरचा प्लग कुठेही बसतो.

अमेरिकेतला एक नियम इथे सांगण्यासारखा आहे. तिथे वीस अँपिअरच्या सर्किटवर पंधरा अँपिअरची अनेक सॉकेटे लावायला परवानगी आहे. पण पंधराच्या सर्किटवर वीसचे सॉकेट लावायला मनाई आहे. म्हणजे ताकद जास्त आणि वचन कमी, हे चालते. वचन जास्त आणि ताकद कमी, हे चालत नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही उधारी-उसनवारीबद्दल आपल्याला हेच शिकवले होते.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागाच्या. साठ-सत्तरच्या दशकांत देशात तांब्याची टंचाई होती, तेव्हा घरगुती वायरिंगमध्येही ॲल्युमिनियम वापरले गेले. त्या काळच्या काही इमारतींत ते अजून भिंतीत आहे. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला जाड वायर लागते. आणि स्क्रूखाली ते काळाने सैल पडते. दुसरी गोष्ट आपली खारी हवा. चिंचणी, तारापूर, डहाणूकडे सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. सैल किंवा गंजलेल्या जोडावर उष्णता जास्त होते. म्हणजे पुस्तकातली सोळाची मर्यादा समुद्रकाठच्या वीस वर्षे जुन्या सॉकेटला तशीच लावून चालत नाही.

आग लागली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते, "शॉर्ट सर्किटमुळे". मराठीच्या शिक्षकाला या शब्दाची चीड येते. शॉर्ट सर्किट म्हणजे दोन तारा थेट एकमेकींना भिडणे. कधी ते खरेच मूळ कारण असते. पण पुष्कळदा वायर महिनोन्‌महिने क्षमतेपेक्षा जास्त ओझे वाहत तापत असते, तिचे आवरण कडक होऊन तडकते, आणि मग तारा भिडतात. शॉर्ट सर्किट ही त्या गोष्टीची शेवटची ओळ असते. आपण शेवटची ओळ वाचतो आणि दैवाला दोष देऊन मोकळे होतो. वीज कोसळली, शॉर्ट सर्किट झाले, दोन्ही एकाच सुरात. पण एकात माणसाचा हात नसतो आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा असतो.

कायदा नाही असे नाही. १९१० च्या कायद्यापासून २००३ च्या कायद्यापर्यंत नियमांची परंपरा आहे. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पण तो रिपोर्ट जोडणीच्या दिवसाचा. त्यानंतर घरात वीस वर्षांत काय काय आले ते बघायला कोणी येत नाही. ते आपणच बघायचे असते.

आणि आज बघायची गरज जास्त आहे, कारण घराचा भार जागा बदलतो आहे. एकेकाळी तो छतावर होता, दिव्यांत. २०१५ पासून सरकारी योजनेतून एलईडी दिवे घरोघर गेले आणि साठ वॅटच्या बल्बची जागा नऊ वॅटच्या दिव्याने घेतली. छताचा भार हलका झाला. त्याच काळात भिंतीवरचा भार वाढला. शेगडी, गिझर, ए.सी., पाण्याची मोटर, आणि आता विजेवरची स्कूटर, जी रात्रभर त्याच बोर्डावर चार्ज होते. विजेचे बिल कमी आले म्हणून खूश असलेल्या माणसाच्या भिंतीत एखादी वायर पूर्वीपेक्षा जास्त तापत असेल. बिल युनिट मोजते, वायर त्या क्षणीचा प्रवाह मोजते.

तेव्हा मंडळी, या रविवारी एवढे करा. विजेच्या बिलावर "मंजूर भार" छापलेला असतो तो बघा आणि घरातल्या मोठ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज त्याच्या शेजारी लिहा. मोठ्या प्रत्येक सॉकेटमागे कोणती वायर आहे ते वायरमनला उघडून दाखवायला सांगा. बारीक निघाली तर सॉकेट बदलू नका, वायर बदला. तोपर्यंत तिथे लहान सॉकेट बसवा, म्हणजे मोठा प्लग जाणारच नाही. एम.सी.बी. पडत असेल तर मोठा आणण्याआधी तो का पडतो ते विचारा. आणि हे काम तुमच्या पक्क्या घरात झाले की, घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या खोलीत आणि पाड्यावरच्या ओळखीच्या घरातही एकदा त्या वायरमनला घेऊन जा. पंधरा-वीस मीटर जाड वायरीचा खर्च आपल्या एका हॉटेलातल्या जेवणाएवढा येतो.

पुढच्या वेळी दुकानातल्या मुलाने "पाच का पंधरा?" विचारले की लगेच उत्तर देऊ नका. आधी घरी जाऊन भिंतीला विचारून या.